काल पाहिलेली खाडी

कल्याणला दुर्गाडीच्या पुलाखाली आमची बोट फिरू लागली की कठड्यावर माणसांची रांग लागायची, आणि त्यांच्यातला एकजण ठरल्यासारखा ओरडायचा, "अहो, तिथं काल बघितलंत ना! पुढं जा की!" ओरडणारा बहुतेक वेळा नातेवाईक नसायचा. नातेवाईक गणेश घाटाच्या पायऱ्यांवर गप्प बसलेले असायचे. पण प्रश्न त्यांच्याही डोळ्यांत तोच असायचा आणि त्यात काही वावगं नव्हतं. समोर एवढी मोठी खाडी पसरलेली, दिवस कलायला आलेला, आणि सरकारी बोट सकाळपासून त्याच वळणावर घिरट्या घालते आहे, हे बघून कुणाचंही डोकं फिरेल.

माझी नोकरी अग्निशमन दलात झाली. त्याआधीचं आयुष्य कल्याणच्या रेतीबंदरावर गेलं, कारण आमचे बाबा डुबी मारायचे. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला दोनदा मिळालं: एकदा घरी, आगरी बोलीत, आणि नंतर प्रशिक्षणात, फळ्यावर गणित मांडून. दोन्हीचा अर्थ एकच होता. शोधलेली जागा आणि रिकामी जागा यांत फरक असतो. हा फरक न कळल्यामुळे शोधपथकांना जेवढ्या शिव्या बसल्या, तेवढ्या खऱ्या हलगर्जीपणामुळेही बसल्या नसतील.

आधी डुबीबद्दल सांगतो, कारण आज डोंबिवलीत नव्यानं राहायला आलेल्या माणसाला हा शब्दही माहीत नसतो. कल्याणची खाडी म्हणजे उल्हास नदीचं तोंडाकडचं अंग. सह्याद्रीत उगम पावून, कर्जत-बदलापूर करत, काळू नदी पोटात घेऊन उल्हास कल्याणला येते. तिथून डोंबिवलीचं मोठागाव, मुंब्र्याचं रेतीबंदर, काल्हेर, गायमुख, घोडबंदर अशी वसईला समुद्रात जाते. शिवाजी महाराजांनी 1657 साली कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात याच पाण्यात झाली. 1854 साली रेल्वे कल्याणला पोचली आणि मालाची नावेतून होणारी वाहतूक हळूहळू ओसरली. पण खाडीला दुसरं काम मिळालं. मुंबई बांधायला वाळू लागत होती, आणि ती या खाडीच्या तळाशी होती.

ती वर काढायची जुनी रीत म्हणजे डुबी. होडी ओहोटीबरोबर खाली न्यायची, वाळू लागेल तिथं लांब बांबू तळात रोवायचा आणि होडी त्याला धरून ठेवायची. डुबीवाला लंगोटीवर, बादली घेऊन, बांबूला धरून सरसर खाली जायचा. ना नळी, ना चष्मा. तीस-चाळीस फूट खाली अंधारात हातानं चाचपून बादली भरायची, दोराला हिसका द्यायचा, वरचा माणूस बादली ओढणार आणि हा बांबू धरून वर येणार. श्वास घेतला न घेतला की पुन्हा खाली. भरती लागली की भरलेली होडी तिच्याबरोबर परत बंदराला. आमच्या बाबांच्या कानातून रक्त यायचं. उतारवयात त्यांच्याशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. बंदरावरच्या बहुतेक म्हाताऱ्यांची तीच गत होती.

पण त्या माणसांना खाडीचा तळ पाठ होता. गावात कुणी बुडालं की पोलीसपाटील किंवा हवालदार पहिल्यांदा बंदरावर यायचा. पंचनामा पोलिसांचा, शोध डुबीवाल्यांचा, अशी वाटणी कित्येक वर्षं चालली. कागदावर त्यांचं नाव आलंच तर पंच म्हणून यायचं. अंगठा उठवायचा आणि घरी जायचं. मोबदला म्हणजे कधी दहा-वीस रुपये, कधी नुसता चहा. प्रेत काढायचे पैसे घेऊ नयेत असं बंदरावर मानत, त्यामुळे चहासुद्धा काहीजण नाकारत.

लहानपणी मीही बाबांना तेच विचारलं होतं, जे पुलावरचे लोक पुढं मला विचारायचे. एक शाळकरी मुलगा बुडाला होता आणि बाबा आदल्या दिवशी जिथं उतरले होते तिथंच पुन्हा उतरत होते. ते म्हणाले, "खारी काल व्हती ती आज नाय रं." आणि गेले खाली.

त्या एका वाक्यात काय काय होतं, ते पुढं नोकरीत उलगडत गेलं. पहिली गोष्ट भरती-ओहोटीची. दिवसातून दोनदा खाडी उलटी वाहते. पाण्यात काही तरंगत असेल तर ते ओहोटीबरोबर मुंब्र्याकडे सरकतं आणि भरतीबरोबर पुन्हा कल्याणकडे येतं. सकाळी तुम्ही एखादं वळण काठापासून काठापर्यंत बघून घेतलंत आणि काही मिळालं नाही, तर त्याचा अर्थ एवढाच की सकाळी तिथं काही नव्हतं. दुपारच्या भरतीनं तिथं काय आणून टाकलं असेल ते दुपारीच बघावं लागतं. म्हणून आमच्या फेऱ्या घड्याळापेक्षा पाण्यावर ठरायच्या. कोळ्या-आगऱ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर सहा वाजता. त्यात खाडीत जेवढं आत जाल तेवढा उशीर मिळवायचा, कारण भरती समुद्राकडून कल्याणला पोचायला वेळ घेते. हा उशीर किती, हे कुठल्या तक्त्यात नसे, बंदरावरच्या माणसाला विचारावं लागे. नवे अधिकारी आले की मोबाइलवर मुंबईची वेळ बघून बोट काढायला सांगत, आणि आम्ही चिखलात रुतून बसत असू.

दुसरी गोष्ट सुकतीची. पूर्ण ओहोटीला खाजण उघडं पडतं आणि तिवरांची मुळं वर येतात. भरतीला बोट ज्या झाडांवरून जाते, त्यांच्याच मुळांत अडकलेलं काही सुकतीला चार हातांवर दिसतं. उधाणाच्या दिवसांत पाणी फार चढतं आणि फार उतरतं, त्यामुळे एरवी न दिसणारी जागाही दिसते. भांगाच्या दिवसांत चढउतार थोडा, त्यामुळे ती दिसत नाही. म्हणजे एकच जागा भरतीला एकदा, सुकतीला एकदा, आणि जमलं तर उधाणात एकदा बघावी लागते. पावसाळ्यात ही गणितं मोडतात. वरून बारवीचं आणि काळूचं पाणी लोटलं की भरतीला न जुमानता खाडी सलग समुद्राकडे धावते, आणि मग शोध थेट गायमुखच्याही पुढं न्यावा लागतो.

तिसरी गोष्ट सांगायला जड आहे, पण सांगायला हवी. बुडालेलं शरीर आधी तळाला जातं. आपल्याकडच्या उबदार पाण्यात साधारण दोन-तीन दिवसांनी ते फुगून वर येतं. पहिल्या दिवशी गळ टाकून, पाणबुड्या उतरवून जिथं काही लागलं नाही, तिथंच तिसऱ्या दिवशी सकाळी ते पाण्यावर दिसतं. अशा वेळी काठावरचे लोक म्हणतात, यांनी नीट शोधलंच नव्हतं. ज्यांनी शोधलेलं असतं त्यांनी यावर काय बोलावं?

थांबलेल्या पाण्यात हिशेब निराळा. डोंबिवलीजवळ संदपच्या खदाणीत 7 मे 2022 रोजी कपडे धुवायला गेलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण बुडाले. खदाणीत प्रवाह नसतो. जो जिथं बुडाला त्याच्या जवळपासच तो असतो, त्यामुळे तिथं दूर जाण्याचा मोह टाळून त्याच तुकड्यात चिकाटीनं राहावं लागतं. त्या पाचही जणांना त्याच दिवशी बाहेर काढण्यात आलं.

खाडीचा तळ मात्र गेल्या तीसएक वर्षांत माणसानंच बदलून टाकला. डुबीच्या जागी सक्शन पंप आले. बांबू धरून बादलीनं काढलेल्या वाळूचा खड्डा पुढच्या पावसात भरून यायचा. पंपानं पाडलेले खड्डे मोठे, उभ्या कडांचे, आणि रोज नवे. 2010 साली मुंबई उच्च न्यायालयानं वाळूउपशावर बंदी आणली, पुढं अटी घालून परवानग्या सुरू झाल्या, आणि चोरटा उपसा तर चालूच राहिला. तहसीलदारांची पथकं आजही बार्ज आणि पंप पकडून खाडीतच तोडतात. याचा शोधाशी संबंध असा, की जुन्या डुबीवाल्यांचं पाठांतर निकामी झालं. जिथं वाळूची पाठ होती तिथं डोह झाला, आणि गळ त्या डोहाच्या कडेवरून नुसता सरकून जाऊ लागला. एका जागेवरून चार वेळा गळ फिरवला तरी तळ चाचपला गेला असं छातीठोकपणे म्हणता येईना.

शोध पुन्हा त्याच जागी का येतो, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्या खाडीतलं नाही, महाडचं आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या आणि एक मोटार पाण्यात गेली. एनडीआरएफ, नौदल, तटरक्षक दल, गावातले पाणबुडे, सगळे उतरले. क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक लावून नदी चाचपली. पुराचा जोर एवढा, की काही मृतदेह शंभराच्या आसपास किलोमीटर वाहून थेट समुद्रकाठी, आंजर्ल्याकडे सापडले. साहजिकच सगळ्यांना वाटलं की गाड्याही कुठल्या कुठं गेल्या असतील. वाहिन्यांवर तज्ज्ञ समुद्राचे नकाशे दाखवत होते. पथकं मात्र पुलाखालच्या पाण्यात पुन्हा पुन्हा उतरत राहिली. पाणी गढूळ, ओढ भयंकर, आणि भरतीला खाडीतली मगरसुद्धा वर येते असं गावकरी सांगत होते. 11 ऑगस्टला नौदलाच्या पाणबुड्यांना पहिल्या एसटीचा सांगाडा सापडला, तो पुलापासून दोनेकशे मीटरवर. माणसाचं शरीर वाहून जातं आणि गाडी पाणी शिरून, गाळ भरून जागीच बसते. नऊ दिवस तिच्या अंगावरून बोटी जात होत्या. त्या बोटींनी काम चुकवलं असं मी मानत नाही. पाणी थोडं उतरलं, ओढ कमी झाली, तेव्हा तीच जागा पहिल्यांदा खरोखर बघता आली.

या प्रकरणानंतर एका प्रशिक्षणात आम्हाला हे गणितानं समजावण्यात आलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या शोधण्यासाठी अमेरिकी नौदलानं बर्नार्ड कूपमन नावाच्या गणितज्ञाला कामाला लावलं होतं. शोधाचं शास्त्र त्याच्यापासून सुरू झालं. सूत्रं मला झेपली नाहीत, पण शिकवणाऱ्यानं दिलेलं उदाहरण मी नंतर प्रत्येक नव्या फायरमनला सांगत आलो. समजा, माणूस दुर्गाडीच्या वळणावर असण्याची शक्यता दहात सहा आणि बाकी सगळ्या खाडीत मिळून दहात चार. पाणी गढूळ आहे, त्यामुळे तो तिथं असला तरी एका फेरीत हाती लागेल याची खात्री निम्मीच. फेरी मारली, काही मिळालं नाही. आता त्या वळणाचे सहा गुण जाऊन शून्य झाले का? नाही. सहातले तीन गेले, तीन उरले. बाकी खाडीचे चार तसेच. म्हणजे सातात तीन, शंभरात त्रेचाळीस. उरलेले सत्तावन्न अख्ख्या खाडीवर विखुरलेले आणि त्रेचाळीस त्या एका वळणावर. बोट एकच असेल तर दुसरी फेरी कुठं माराल?

याच हिशेबावर एक विमान सापडलं. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं 447 क्रमांकाचं विमान 1 जून 2009 ला 228 माणसांसह अटलांटिक महासागरात कोसळलं. त्याच्या ब्लॅक बॉक्सला महिनाभर आवाज देत राहणारं यंत्र होतं. तो आवाज ऐकत जहाजं विमानाच्या शेवटच्या कळलेल्या जागेच्या आसपास फिरली, काही ऐकू आलं नाही, म्हणून तो भाग बाद ठरला. नंतरच्या मोहिमा दुसरीकडे गेल्या. शेवटी गणित मांडणाऱ्यांनी विचारलं: यंत्रंच बंद पडली असतील तर? मग तिथं काही ऐकू न आल्यानं काय सिद्ध होतं? तो बाद भाग पुन्हा हिशेबात आला, 2011 च्या वसंतात तिथं पुन्हा शोध सुरू झाला आणि आठवड्याभरात, 3 एप्रिलला, अवशेष मिळाले. खोली 3,900 मीटर. अंतर त्या शेवटच्या कळलेल्या जागेपासून बाराएक किलोमीटर.

आमच्याकडे पाण्याखालचा तळ दाखवणारं सोनार यंत्र नव्हतं, पण "यंत्रंच बंद असतील तर?" हा प्रश्न होता. काल ज्यानं ती बाजू बघितली तो दमलेला होता का? ऊन समोरून येत होतं का? बोटीतल्या माणसाला पश्चिमेकडे तोंड करून दुपारनंतर पाण्यावरच्या चकाकीत काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून एकदा उजवीकडून पाहिलेला काठ दुसऱ्या दिवशी डावीकडून बघायचा, आणि शक्यतो वेगळ्या माणसानं बघायचा, हा आमचा अलिखित नियम होता. ज्यानं आदल्या दिवशी तिथं काही नाही असं सांगितलं, त्याच्या डोळ्यांना दुसऱ्या दिवशीही तिथं काही दिसत नाही.

ढिगाऱ्यातही तेच. 4 एप्रिल 2013 च्या संध्याकाळी शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत पडली आणि 74 माणसं गेली. तिथं काम केलेले सहकारी सांगत, मधूनच शिट्टी वाजायची आणि सगळं थांबायचं. जेसीबी बंद, कटर बंद, जनरेटरसुद्धा बंद. बघ्यांना गप्प करायचं. मग एकजण फटीला तोंड लावून ओरडायचा, "कुणी आहे का? आवाज ऐकू आला तर ठोका." मिनिटभर कान लावायचा. काही नाही. पुन्हा मशिन सुरू. एक स्लॅब हलला की त्याच फटीशी पुन्हा शिट्टी, पुन्हा तीच हाक. बाहेरून बघणाऱ्याला तो वेळेचा अपव्यय वाटतो, पण एक स्लॅब हलला की आतली हवेची वाट बदलते आणि मघाशी न पोचलेला आवाज आता पोचतो. दुसऱ्या दिवशीही तिथून माणसं जिवंत निघाली. 2020 साली भिवंडीत जिलानी इमारत कोसळली तेव्हा एनडीआरएफच्या जोडीला ठाणे महापालिकेचं स्वतःचं दल, टीडीआरएफ, होतं, आणि तिथंही शिट्टीची हीच शिस्त होती.

23 मे 2024 ला डोंबिवली एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला, तेव्हा मी निवृत्त होतो. आमच्या घराच्या काचा थरथरल्या. 2016 सालीही मे महिन्यातच तिथल्या प्रोबेस कंपनीत स्फोट झाला होता, त्यामुळे आवाज ऐकताच डोंबिवलीकरांना काय ते कळलं. त्या आवारात शोधपथकं दिवसामागून दिवस त्याच राखेत का वाकत होती, याचं उत्तर फार कठीण आहे. तिथं शोध अख्ख्या माणसाचा राहिला नव्हता. जे मिळेल ते गोळा करून, डीएनए जुळवून, कामावर गेलेला आपला माणूस गेला एवढं तरी घरच्यांना खात्रीनं सांगायचं होतं. हातात मावेल एवढा अवशेष मिळेपर्यंत ती राख पुन्हा पुन्हा चाळावी लागते.

आणि मग ते प्रश्न येतात ज्यांना गणित पुरत नाही. 19 जुलै 2023. धो धो पाऊस. ठाकुर्ली आणि कल्याणच्या मध्ये लोकल अडकली, प्रवासी उतरून रुळांच्या कडेनं चालू लागले, आणि नाल्याजवळून जाताना चार-सहा महिन्यांचं एक तान्हं बाळ घरच्यांच्या हातून निसटून पाण्यात पडलं. त्या आईचा आक्रोश पुढं देशभर मोबाइलवर फिरला, आणि तो फिरायला नको होता असं माझं मत आहे. अग्निशमन दल आणि एनडीआरएफ नाल्यात उतरले, नाला जिथं खाडीला मिळतो तिथं बोटी गेल्या. तोच नाला, तीच मोरी, तेच खाडीचं तोंड. बाळ सापडलं नाही. तेवढ्या लहान देहाला कचऱ्याचा एक ढीग पुरतो, आणि पावसाळ्यात नाल्यातला कचरा तासातासाला जागा बदलतो. त्याच रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथं पायवाटेनं डोंगर चढून जवान गेले, मशिन नेता येत नव्हती, हातानं माती उपसली. 23 जुलैला शोध थांबवला, तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसं मातीखालीच राहिली.

थांबायचं कधी, हे अधिकारी ठरवतात असं लोकांना वाटतं. कागदावर तसंच आहे. प्रत्यक्षात शेवटची फेरी बरेचदा नातेवाइकांसाठी असते. आम्हाला माहीत असतं की आता काही मिळणार नाही, तरी मुलाच्या बापाला बोटीत घेऊन त्याच वळणावरून एक चक्कर मारतो. डिझेलचा हिशेब विचारणारे साहेब मला भेटले आहेत. त्या डिझेलइतकं सत्कारणी लागलेलं सरकारी डिझेल मी दुसरं पाहिलं नाही. कारण देह मिळाला नाही तर पुढची वाट फार लांब असते. सात वर्षं काही खबर नसेल तर माणूस मेला असं धरता येतं, हा 1872 च्या पुरावा कायद्यातला नियम नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही तसाच आहे, फक्त कलम 108 चं 111 झालं. तोवर विमा, पेन्शन, वारसनोंद, सगळं लटकलेलं. आपल्या धर्मशास्त्रानं तर बारा वर्षांची वाट सांगितली आहे. त्यानंतर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. भटजी त्याला पालाशविधी म्हणतात. 360 पानं लागतात. मी तो एकदा पाहिला आहे. बंदरावरच्याच घरातला मुलगा होता, बाबांनी त्याला शोधलं होतं आणि तो मिळाला नव्हता. पानं मोजताना त्याची आई मध्येच उठून खाडीकडे बघत उभी राहिली. भटजींनी मोजणी थांबवली. कुणी तिला बस म्हणालं नाही.

एक गोष्ट राहिली: हरवलेला माणूस जिवंत असेल तर तोही हलत असतो. विसरभोळे झालेले म्हातारे हाकेला ओ देत नाहीत, अडेपर्यंत चालत राहतात, आणि पुष्कळदा जुन्या ओळखीच्या जागेकडे जातात. डोंबिवलीतल्या एका आजोबांना आम्ही स्टेशनच्या सगळ्या फलाटांवर शोधून परत आलो होतो. संध्याकाळी ते तिथंच सापडले, मधल्या फलाटावर, नोकरीत असताना ज्या डब्याला उभे राहायचे त्या डब्याच्या जागी. आम्ही शोधत होतो तेव्हा ते अजून वाटेत होते.

म्हणून वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. पथक पुन्हा त्याच जागी उतरलं तर ओरडू नका, त्यांना उपयोगी पडेल असं काहीतरी सांगा. माणूस शेवटचा जिथून दिसला ती जागा सोडू नका. ज्यानं पाहिलं त्याला तिथंच उभं करा, आणि त्यानं जिथून पाहिलं तिथूनच बोट दाखवायला सांगा. दुसऱ्या कुणी पाहिलं असेल तर त्यालाही त्याच्या जागेवर न्या. दोघांच्या बोटांच्या रेषा जिथं छेदतात तिथून आमचं काम सुरू होतं. काठावरच्या चपला, कपडे, मोबाइल हलवू नका. वेळ अंदाजानं सांगू नका, फोनवर शेवटचा कॉल कधी झाला ते बघून सांगा, कारण त्या वेळेवरून भरती होती की ओहोटी हे कळतं. रुळांवर असाल तर जवळच्या खांबावरचा आकडा वाचून घ्या, प्रत्येक खांबाला तो असतो. 112 वर पोलीस मिळतात, 139 वर रेल्वे, मूल असेल तर 1098. आणि हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागतं ही समजूत डोक्यातून काढून टाका. असा नियम नाही. पहिल्याच तासात पोलीस ठाण्यात जा.